दुसरा कार्बोरेटर

रबरी नळीचं एक टोक लेनर्डने कानाला लावलं आणि दुसरं पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी नेलं. हिस्स... एकसारखं, न थांबता. झकास. मग त्याने नळी मागच्या कार्बोरेटरकडे सरकवली, आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं?" डेरेकने विचारलं. शेजारचा डेरेक मदतीला आला होता. म्हणजे चहाचा मग घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता आणि सूचना करत होता.

लाल एमजी, दोन सीटांची जुनी गाडी, जागच्या जागी थरथरत होती. गंजलेल्या पत्र्याच्या ढिगातून लेनर्डने ती पुन्हा उभी केली होती, आणि आज पहिल्यांदाच तिचं इंजिन बंद न पडता चालू राहिलं होतं. आता दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढायला लागले की झालं. उद्या रविवार. बायकोला, मेव्हिसला, शेजारी बसवून टेकड्यांवर एक चक्कर मारायची, एवढंच त्याला हवं होतं. पण मेव्हिसची फुप्फुसं पार थकली होती. पुढच्या खोलीत तिचा पलंग लावला होता, नाकात ऑक्सिजनची नळी होती. सकाळी आलेल्या नर्सने लेनर्डला बाजूला घेऊन, उद्याचं काही ठरवू नका, असं सांगितलं होतं. मेव्हिसला ते न सांगताच कळलं होतं. "बघू या," ती धापा टाकत म्हणाली होती, "तुझी ती आधी चालू होते, की मी आधी बंद पडते."

लेनर्डने नळी पुन्हा लावली. कार्बोरेटर हवा फक्त आत ओढतो, बाहेर सोडत नाही. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याचा उभा जन्म कारखान्यात गेला होता. पण नळीतून आधी आत ओढल्याचा आवाज येत होता, मग बाहेर सोडल्याचा. मध्ये लांबलचक खंड. आणि शेवटी एक बारीकशी शिट्टी. ही शिट्टी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून तो कित्येक आठवडे ऐकत आला होता.

"ऐक जरा." त्याने नळी डेरेकला दिली.

डेरेकने डोळे मिटून ऐकलं. "फुसफुसतंय की. जरा अशक्त आहे बिचारं. स्क्रू फिरव थोडा."

लेनर्डने स्क्रू पाव फेरा फिरवला आणि नळी परत घेतली. आतला श्वास खोल झाला होता. शिट्टी गेली होती.

"लेन!" पुढच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून खणखणीत हाक आली. "चहा एकट्या डेरेकलाच का? मी काय पाप केलंय?"

डेरेक हसला. "आज बाईसाहेब जोरात आहेत."

लेनर्डला हसू आलं नाही. एवढं लांब वाक्य तिने एका दमात म्हटल्याला महिने झाले होते. योगायोग असणार, त्याने स्वतःला बजावलं. पण एकदा माप घेऊन भागत नाही, पुन्हा घेऊन बघायचं, ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. त्याने स्क्रू उलटा फिरवला. पाव फेरा, आणि वर थोडासा.

इंजिन अडखळलं. नळीतला श्वास अडकला. खिडकीतून घुसमटल्यासारखा आवाज आला, मग खोकल्याची उबळ, मग काहीच नाही.

स्क्रू ड्रायव्हर लेनर्डच्या हातातून निसटला आणि गाडीखाली गेला. गुडघ्यांवर बसून तो चाचपडायला लागला. "देवा, देवा रे," तो पुटपुटत होता. स्वतःच्या लग्नानंतर त्याने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी एकदाचा स्क्रू ड्रायव्हर हाती लागला. त्याने स्क्रू आधीपेक्षाही पुढे नेला. इंजिन गरजलं.

खिडकीतून पुन्हा खोकला ऐकू आला. इतका गोड आवाज लेनर्डने जन्मात ऐकला नव्हता.

"अरे, फार चढलं!" डेरेक ओरडला. "दोन्हींचा मेळच नाही, सगळी गाडी हादरतेय. बंद कर आणि पहिल्यापासून लाव." आणि तो चांगुलपणाने चावीकडे वाकला.

"हात लावलास तर तोडून टाकीन!"

इतक्या वर्षांच्या शेजारात लेनर्डचा चढलेला आवाज डेरेकने कधी ऐकला नव्हता. तो दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि मेव्हिस बाहेर आली. अंगात कोट, डोक्याला रुमाल, गालांवर लाली. नाकात नळी नव्हती. बाथरूमपर्यंत जायचं तरी तिला धरून न्यावं लागायचं, आणि आता ती खडीवरून एकटी चालत येत होती. तिच्या कोटाच्या बाह्या थरथरत होत्या, अगदी इंजिनाच्या ठेक्यात.

"मेव्हिस, तू..." डेरेकच्या हातातला मग तिरका होऊन चहा खडीवर सांडला.

"आ वासून काय बघतोस? दार उघड."

ती आत बसली. लेनर्डने बॉनेट अगदी हलक्या हाताने लावलं, खाली कोणी झोपलं असावं तसं, आणि तिच्या शेजारी येऊन बसला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. गाडी दोघांना गदगदा हलवत होती. ती बंद करायला मेव्हिसचा हात चावीकडे गेला, मध्येच थांबला. तिने तो परत आपल्या मांडीवर ठेवला.

"पेट्रोल किती आहे रे?" तिने विचारलं.

"अर्धी टाकी."

"मग लांबच्या रस्त्याने ने."