दुसरी लाइन

जुन्या कंपनीचं निळं लेबल नखाने खरवडून लाइनमनने तिथे हिरवं लेबल चिकटवलं. शेजारच्या पेटीवर हिरवंच होतं. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममधल्या त्या दोन पेट्या आता जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या.

"शेवटी लग्न लावलंत म्हणायचं दोन्ही कंपन्यांचं!" तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या."

"लग्न कसलं, ताई. मोठीने धाकटीला गिळलं."

बाई हसल्या. मग त्यांनी चष्मा लावून तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. "बरं, दोन्ही लाइनी अजून वेगवेगळ्या रस्त्यांनीच येतात ना? तेवढ्यासाठी तर दोन कंपन्या धरल्या होत्या आम्ही. कुणी खणताना एकीची केबल तोडली, तरी दुसरीवर फोन यायला हवेत."

लाइनमनचा हात थांबला. धाकटीची केबल पुलावरून यायची. मागच्या आठवड्यात साहेबांनी ती बंद करायला लावली; एकाच शहरात दोन-दोन केबल सांभाळायच्या कशाला? भर उन्हात मांडी घालून त्यानेच ही दुसरी लाइन मोठीच्या केबलमध्ये जोडून दिली होती. आता दोन्ही एकाच चरातून, एकाच नळीतून येत होत्या. कुदळीचा एक घाव पुरे होता.

सकाळी साहेब म्हणाले होते, "कुणी विचारलं तर दोन लाइनी आहेत म्हणायचं. खोटं आहे का ते?" आणि जाता जाता, "या भागात आता तुम्ही दोघं लाइनमन झालात. ठेवायचंय एकालाच. यादी शुक्रवारी जाते."

पण लाइनी किती, हे बाईंनी विचारलंच नव्हतं.

"मिठाची गुळणी धरलीत की काय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तशी खूण करते. मला काय कळतंय त्यातलं!"

"वेगवेगळ्याच आहेत, ताई." तो म्हणाला.

बाईंनी खूण केली, सही केली. "चला, डोक्यावरचं ओझं उतरलं."

तेवढ्यात फोन वाजला. फॉर्म बाजूला सारून बाईंनी तो उचलला. लाइनमन पिशवी आवरू लागला.

"हो, ऐकू येतंय मला," बाई शांतपणे सांगत होत्या. "घाबरू नका. फोन ठेवायचा नाही. गाडी पोचेपर्यंत मी इथेच आहे."