यमुनाबाईंची ओटी

"घारग्यांत गूळ कमी पडला गं," यमुनाबाई म्हणाल्या.

"आई, दर वेळी पडतो," म्हणत वृंदाने चौथा घारगा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई गेल्या. सवाष्ण गेली म्हणून बायका शेवटची ओटी भरायला आल्या. पण आत्याने नारळ बाजूला ठेवला.

"वांझेची ओटी भरत नाहीत. पोरगी काय, गर्भयंत्रात वाढली. वहिनीची कूस रिकामीच राहिली."

वृंदा हे लहानपणापासून ऐकत आली होती आणि दर वेळी मान खाली घालत होती. आज तिने नारळ उचलून आईच्या ओटीत ठेवला.

"आत्या, नर्सबाई हाकलायच्या, तरी आई नऊ महिने रोज त्या यंत्राच्या काचेला टेकून माझ्याशी बोलत बसायची. मी तिच्याच पोटची आहे."