मधली कॉइल

पडद्यावरची प्रवाहाची रेघ वर चढली आणि कंट्रोल रूममध्ये टाळ्या वाजल्या. विदुलाताईंचे हात मात्र मांडीवरच राहिले.

अणुसंमीलनाच्या यंत्राच्या मधोमध उभी असलेली तारांची कॉइल त्यांनी सहा वर्षं खपून गुंडाळली होती. प्लाझ्मात, म्हणजे यंत्रातल्या तापलेल्या विद्युतभारित वायूत, वीजप्रवाह सुरू करायचा तर तिच्याशिवाय पान हलत नसे. आज पोरसवदा निनादने तो प्रवाह नुसत्या रेडिओलहरींनी सुरू केला होता.

"ताई, तुमच्या कॉइलला आता पेन्शन!" तो ओरडला. सगळे हसले. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांबा," संचालक म्हणाले. "कॉइल नक्की बंद होती ना? तिच्यातून थोडा जरी प्रवाह गेला असेल, तर हे यश खोटं. विदुला, तू सांग."

निनादचा चेहरा उतरला. 'तपासावं लागेल' एवढं ताईंनी म्हटलं असतं, तरी त्याचं श्रेय महिनाभर लटकून राहिलं असतं. ते शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

"बंद होती. सकाळी मीच तिच्या तारा सोडवल्या," त्या म्हणाल्या.

"थँक यू, ताई!" निनाद पुढे येऊन म्हणाला. त्यांनी नुसती मान हलवली. खरं सांगणं जमलं होतं. त्याचं अभिनंदन करणं काही केल्या जमेना.