करपलेलं खोबरं

तुरुंगाच्या फाटकावर हवालदाराने नेहमीप्रमाणे प्रत्येक करंजी मधोमध फोडून आत पाहिलं. वासंती कडेवरच्या बाळाला थोपटत उभी राहिली.

धाकटा भाऊ आत गेल्यापासून ती दर शुक्रवारी डबा आणायची. लहानपणी तिच्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारा दिगू आता शरमेने भेटायलाही येत नसे. डबा तसाच परत यायचा. "तो तोंड दाखवत नाही, अन् तू कशाला तळत बसतेस गं?" सासूबाई विचारायच्या. काल तर बाळ रडलं म्हणून ती धावली आणि कढईत खोबरं करपलं. हा शेवटचाच डबा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

बऱ्याच वेळाने हवालदार डबा घेऊन आला. "येत नाही म्हणतो, ताई."

तिने डबा उघडला. आत फक्त चुरा होता.

"निरोप दिलाय," हवालदार हसू दाबत म्हणाला. "खोबरं करपलंय म्हणे, अन् वेलची घालायला ताई विसरली."

"त्याला म्हणावं, एवढा चोखंदळ असशील तर पुढच्या शुक्रवारी समोर येऊन सांग!"

बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन ती वाण्याकडे वळली. घरातली वेलची खरंच संपली होती.