एकोणीस नंबर

तिसऱ्यांदा तपासलं तरी आकडा तोच आला. तिने हातमोजे काढले, छापील कागद उचलला आणि थेट बाईंच्या खोलीत गेली.

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. एचआयव्ही अंगात असूनही औषधाविना वर्षानुवर्षं धडधाकट राहिलेल्या बावीस जणांचा अभ्यास त्यांनीच उभा केला होता. ती त्यांची तंत्रज्ञ. दर तीन महिन्यांनी रक्ताच्या नळ्या यायच्या. त्यांवर नाव नसे, नुसता नंबर. शरीरातल्या पेशी एकमेकींना ज्यांच्यामार्फत निरोप धाडतात, ते सायटोकाइन नावाचे रेणू मोजायचं काम तिच्याकडे होतं. एकोणीस नंबरच्या रक्तात विषाणू अजून सापडत नव्हता. रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्याही चांगली होती. धोक्याचे निरोप मात्र वर्षभर वाढतच चालले होते.

बाईंनी कागद पाहिला न पाहिल्यासारखा केला. एखादा आकडा भरकटतोच, एकोणीसला वगळून तक्ता कर, म्हणाल्या. तिने सांगितलं, की गेल्या चारही खेपांना आकडा चढलाय. याच अभ्यासातल्या दोघांचं आधी असंच झालं होतं आणि मग त्यांच्या पेशी धडाधड घसरल्या. या माणसाला बोलावून औषध सुरू करायला हवं. फाईल न उघडताच बाई म्हणाल्या, ते माणूस ठणठणीत आहे, चार जिने दम न लागता चढतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत, ते उगाच नाही. पुढचे आठ दिवस ती रोज सकाळी तोच कागद बाईंच्या टेबलावर ठेवत राहिली. बाई रोज तो पालथा घालत. नवव्या दिवशी तिने सोबत एक पत्रही ठेवलं, रुग्णांच्या हिताकडे पाहणाऱ्या समितीच्या नावे. खाली सही करून.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "इतकी का हट्टाला पेटलीस? तुझं कोणी लागतं का ते?"

"कुणाचं तरी लागत असेलच की, बाई."

बाईंनी पत्राची घडी घालून ते तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, पत्र धाडू नकोस, एकोणीसला शुक्रवारी सकाळी दहा वाजता बोलावते. रक्त मीच घेणार, असं तिने बजावलं.

शुक्रवारी तिने खुर्ची पुसली, दंडाला बांधायचा पट्टा काढला, नळ्यांवर नंबर चिकटवले. दहा वाजले. साडेदहा झाले. बाहेरचा बाक रिकामाच. आपल्याला चक्क गुंडाळलं, हे तिच्या ध्यानात आलं. आता पत्र जाणारच, असं ठरवून ती उठली, तेवढ्यात दार उघडलं आणि एकट्या बाई आत आल्या.

"कुठाय तुमचा एकोणीस नंबर?" तिने विचारलं.

बाईंनी दार लावून घेतलं. पांढरा कोट उतरवला, खुर्चीत बसल्या आणि डावी बाही कोपराच्या वर सारली.

"औषध आजपासून सुरू करतेय," त्या म्हणाल्या. "पहिल्या गोळीआधीचं रक्त तुला लागेल ना? घे."