इनासच्या मागचा बाक

आषाढातला रविवार, आणि वारा असा की सायकलीसकट माणसाला उचलून नेईल. तरी कट्टा गावचा कायतान पाववाला भरलेल्या ओढ्यातून, वहाळातून, सायकल खांद्यावर घेऊन पार झाला आणि घंटेआधी मालवणच्या चर्चमध्ये निथळत येऊन बसला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, म्हणजे परमुलूख. तिथून परागंदा होऊन त्याला सात वर्षं झाली होती, पण एक रविवार चुकला नव्हता. बाकही ठरलेला: त्याच्याच गावातून आलेल्या इनास दुकानदाराच्या बरोबर मागचा.

पाप पोटात ठेवून जिभेवर ओस्ती, म्हणजे प्रसादाची पवित्र चकती, घ्यायची नाही, हा नियम. ओस्ती घ्यायला सगळे उठले. बसून राहिले दोघेच, इनास आणि कायतान.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर नव्यानेच आलेल्या फादरनी कायतानला दारात गाठलं. "एवढ्या पावसात येतंस, आणि ओस्ती घेणस नाय? असा काय पाप आसा रे तुझा?"

"मनात सूड आसा, फादर."

"मगे येतंस कित्याक?"

छत्रीआड तोंड लपवून निघालेल्या इनासकडे बघत कायतानने सदरा पिळला.

"तेनी क्रुसावर हात ठेवन खोटी साक्ष दिली आणि माझो भाव तुरुंगात मेलो. ह्या हय फक्त माका म्हायत. मी पाठसून बघत असलंय की तेका उठूची छाती होणा नाय. एक रविवार मी चुकलंय, काय तो ओस्ती घेवक उठलोच समजा!"