दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल

“आधी वाक्य, मग तार. आणि उत्तर तुम्ही सांगायचं नाही,” बाळंतपणाच्या रजेवर जाताना विज्ञानाच्या बाईंनी मला बजावलं होतं. मी इंग्रजीची शिक्षिका, त्यांचे तास आता माझ्याकडे; म्हणून त्या तासाला मुलं अंदाज इंग्रजीत सांगत, मगच बॅटरी आणि दिव्याच्या तारांमध्ये वस्तू धरत. चमच्याने दिवा लागला, खोडरबराने नाही. वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी उठली. “द पेन्सिल विल लाइट द बल्ब.” वर्ग खिदळला. “अगं, लाकूड ना ते,” मीही बोलून गेले. ती मान खाली घालून बसू लागली, तशी मी चपापले. “बरं, लागला तर उद्याचा तास तू घ्यायचास.” तिने पेन्सिलीला दोन्हीकडून टोक केलं, शिशाच्या टोकांना तारा टेकवल्या. दिवा लागला. “बाई, लाकूड पेटलं,” कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या दिवशी मी खडू तिच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकाकडे निघाले.